फोनातला खर्ज

दिवाळीच्या आठवडाभर आधी आत्याला नवा फोन पाठवला. जुन्या टॅबची बॅटरी दुपारपर्यंतसुद्धा टिकत नाही, ही तिची तक्रार सहा महिने ऐकत होते. फोनबरोबर निळं सिलिकॉनचं कव्हर पाठवलं, टेबलावर उभा ठेवायला एक छानसा स्टँड पाठवला, तंबोऱ्याचं अ‍ॅप आधीच घालून, काळी तीनची पट्टी लावून, पहिली तार पंचमाची करून ठेवली. तिनं नुसतं बोट टेकवायचं, की सूर सुरू. चार दिवसांनी तिचा फोन आला. कौतुक झालं. फोटो लख्ख दिसतात, आवाज खणखणीत आहे, नातवंडांचे चेहरे कसे समोर बसल्यासारखे दिसतात, सगळं सांगून झालं. मग जरा थांबली आणि शेजारणीच्या सुनेबद्दल बोलावं तशा दबक्या आवाजात म्हणाली, “पण काय गं, यातल्या तंबोऱ्याला खर्ज नाही.” खर्ज म्हणजे तंबोऱ्याच्या चौथ्या तारेचा, सगळ्यांत खालचा षड्ज.

मी समजावलं. अ‍ॅप तेच आहे, त्यातलं रेकॉर्डिंग तेच आहे, पट्टी तीच आहे, त्यामुळे खर्ज असेल तर दोन्हीकडे असणार आणि नसेल तर दोन्हीकडे नसणार. आत्यानं शांतपणे ऐकून घेतलं. “अ‍ॅप एकच असेल बाई,” ती म्हणाली, “माझे कानही एकच आहेत की. जुन्यात होता, यात नाही.” आणि फराळाचं काय पाठवू म्हणून विचारायला लागली.

आत्या 78 वर्षांची आहे. मिरजेत आयुष्यभर गाणं शिकवलं. घरात मिरजेचाच बनवलेला तंबोरा आहे, पण दोन-तीन वर्षांपासून बोटांच्या सांध्यांनी दगा दिलाय. खुंटी पिळता येत नाही, आणि शिकायला येणाऱ्या मुली आता येतात त्या मोबाइल घेऊनच. म्हणून मी तो टॅब दिला होता. त्याच्यावर ती पहाटे तासभर बसते. ‘बसते’ म्हणजे काय ते गाण्याच्या घरात वाढलेल्यांना सांगायला नको.

तिचं वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. याला थोडा अहंकारही कारणीभूत असावा. मी बावीस वर्षं हातात मावणाऱ्या कॉम्प्युटरांसाठी सॉफ्टवेअर लिहिण्यात घालवली. वीजमीटरचे आकडे टिपणाऱ्या माणसाच्या हातात जे यंत्र असायचं, तसल्या यंत्रांवर सुरुवात केली. त्याचा ‘आवाज’ म्हणजे आकडा चुकला तर एक कर्कश टीं. नंतरची बरीच यंत्रं कामानिमित्त, काही हौसेनं, काही कुणाकुणाकडून आलेली, अशी माझ्या कपाटाच्या खालच्या खणात साठली आहेत. नवरा त्या खणाला ‘तुझं स्मशान’ म्हणतो. त्या रविवारी मी तो खण डायनिंग टेबलावर रिकामा केला.

पहिल्यांदा हाताला लागला तो 1999 चा पाम. इतका सुबक पातळ की आजही हातात धरावासा वाटतो. पण याचं तोंड म्हणजे एक चकतीवजा बझर. अलार्म वाजवणार, बटणाचा टिक् काढणार, बस्स. याला तंबोरा वाजवायला सांगणं म्हणजे सायकलच्या घंटीला भूप गायला सांगण्यासारखं. त्याला बाजूला ठेवलं. मग ऑफिसातल्या जुन्या आयपॅकची आठवण आली. तो आता माझ्याकडे नाही. 2000 साली आलेल्या त्या मॉडेलचा स्पीकर खालच्या गोल बटणाच्या आतच बसवला होता. गाणं लावायचं आणि बटण दाबायला अंगठा ठेवला की गाण्याचा गळा आवळला जायचा. अंगठा उचलला की पुन्हा गाणं. आम्ही जेवणाच्या सुट्टीत असं ‘वाव-वाव’ करत बसायचो. बॅटरी पूर्ण उतरली की त्यातलं सगळंच पुसलं जायचं, गाणी, पत्ते, मीटिंगा, सगळं. त्यामुळे त्यात जीव फार गुंतवायचा नाही हे लवकर शिकलो.

मला नेहमी वाटतं, हातातल्या कॉम्प्युटरच्या आवाजाचा खरा विचार आपल्याकडे बंगळुरात झाला होता. 2001 च्या सुमारास सिम्प्युटर आला, तेव्हा त्याची कल्पनाच अशी होती की ज्याला वाचता येत नाही त्याला यंत्रानं त्याच्या भाषेत वाचून दाखवावं. म्हणजे तिथे स्पीकर हा बूड झाकायला लावलेला भाग नव्हता, यंत्राची जीभ होती. ते यंत्र फार चाललं नाही. आणि आज ज्यांना वाचता येतं तेही फोनला वाचून दाखवायला सांगतात.

असो. टेबलावर जे चालू होण्याच्या अवस्थेत होतं ते असं : 2007 चा नोकियाचा एन-800, एका कंपनीचा टॅब (नाव कशाला, त्याचा स्पीकर पाठीमागे होता आणि टेबलावर ठेवला की तो टेबलाशीच बोलायचा), माझा स्वतःचा फोन, आत्याला पाठवला तसाच मुलाचा नवा फोन, आणि भाच्यानं परदेशातून आणलेला स्टीम डेक, म्हणजे हातात धरून गेम खेळायचा कॉम्प्युटर, जो तो दिवाळीच्या सुट्टीत आमच्याकडे विसरून गेला असं म्हणतो. सगळ्यांत तंबोऱ्याचं तेच रेकॉर्डिंग घातलं. काळी तीन. खिडक्या लावल्या, पंखा बंद केला, फ्रीजचं बटण बंद केलं. फ्रीज बंद केल्यावर घरात किती शांतता असते हे त्या दिवशी कळलं. एका फोनवर आवाजाचा आलेख दाखवणारं अ‍ॅप लावून तो समोर ठेवला.

एन-800 नं मला चकित केलं. पडद्याच्या दोन्ही बाजूंना, सरळ तोंडावर, दोन स्पीकर आणि मागे त्या काळच्या मानानं ऐसपैस पोट. आवाज मोठा नाही, पण त्यात एक मऊपणा आहे, गरम भातावरच्या तुपासारखा. जोडाच्या, म्हणजे मधल्या दोन षड्जाच्या, तारा एकमेकींत मिसळतात ते ऐकू येतं. स्टीम डेक त्याच्याहून भारदस्त. त्याचेही स्पीकर समोर तोंड करून बसलेत आणि अंग मोठं आहे, तेव्हा नवल नाही. माझा फोन ठीक. पाठमोरा टॅब टेबलावर भुणभुणला आणि उचलून धरला तर पार पातळ झाला. आणि मुलाचा नवा फोन, जो या सगळ्यांत महाग आणि सगळ्यांत पातळ, तो सगळ्यांत मोठा वाजला. स्वच्छ, टोकदार, चकचकीत. तारा ज्यावर टेकतात त्या घोडीवरची ती जवारीची झिणझिण इतकी पुढे की जणू तंबोऱ्याला नुकताच ब्युटी पार्लरमधून आणलाय. तारा दिसत होत्या, भोपळा दिसत नव्हता.

काळी तीनचा मध्य षड्ज म्हणजे 185 हर्ट्झ, सेकंदाला 185 कंपनं. खर्ज त्याच्या निम्मा, 92.5. मी आलेखावर 92.5 पाशी बोट ठेवून एकेक यंत्र वाजवत गेले.

तिथे काहीच नव्हतं. एकाही यंत्रात.

यात खरं तर आश्चर्य वाटायला नको होतं. फोनमधल्या स्पीकरचा पडदा म्हणजे करंगळीच्या नखापेक्षा थोडा मोठा तुकडा. आवाज म्हणजे हवा ढकलणं, आणि तेवढ्याच मोठ्या आवाजात एक सप्तक खाली उतरायचं असेल तर पडद्याला चौपट झुलावं लागतं. दोन सप्तकं उतरायची तर सोळापट. अशा स्पीकरला साधारण 700-800 हर्ट्झच्या वर सुखानं हलता येतं. तिथून खर्जापर्यंत तीन सप्तकं, म्हणजे 64 पट झोका. आणि जागा किती? जेमतेम अर्धा मिलिमीटर. माजघराच्या दारात झोपाळा बांधावा आणि कुणी म्हणावं, घे झोका वडाच्या पारंबीएवढा. म्हणून हल्लीच्या फोनांत एक चिप बसवलेली असते, ती कॉइल किती तापली, पडदा किती हलला यावर क्षणोक्षणी नजर ठेवते आणि तो फाटायच्या बेतात आला की आवरते. लाडक्या नातवाच्या मागे फिरणाऱ्या आजीसारखी. तरी खर्ज नाही म्हणजे नाही. पोटात हवा असावी लागते, आणि फोन तर दरवर्षी उपाशी राहून बारीक होतायत.

पण मग मला तो ऐकू कसा येत होता? एन-800 मधून तर स्पष्ट येत होता. डोळे मिटले की ती चौथी तार, घुमारदार, सगळ्यांच्या खाली सतरंजीसारखी अंथरलेली. डोळे उघडून आलेख पाहिला की तिथे सपाट माळरान.

उत्तर कॉलेजातल्या पुस्तकात होतं, फक्त ते तेव्हा परीक्षेपुरतं होतं. तार छेडली की एकटा 92.5 येत नाही. त्याची दुप्पट 185, तिप्पट 277.5, चौपट 370, अशी सगळी भावंडं बरोबर येतात. स्पीकरनं थोरल्याला दारातच अडवलं तरी धाकटी आत येतात, आणि त्यांच्यातलं अंतर सगळीकडे तेच, 92.5. मेंदू त्या अंतरावरून थोरला कोण असेल ते ओळखतो आणि त्याचं ताट मांडून मोकळा होतो. आपल्याला ऐकू येतो तो खर्ज हवेत नसतोच. जुन्या टेलिफोनची तार 300 हर्ट्झच्या खालचं जवळजवळ काही नेत नसे, आणि पुरुषाच्या आवाजाचा मूळ सूर तर त्याच्या कितीतरी खाली. तरी आजोबांचा ट्रंक कॉल आला की पहिल्या ‘हॅलो’लाच घरातले सगळे ताठ व्हायचे. तो जरब बसवणारा खर्ज आम्ही आमचा आम्हीच तयार करत होतो, हे त्यांना कळलं असतं तर फार राग आला असता.

पण मेंदूला ताट मांडायला निदान खालची दोन-तीन भावंडं तरी दिसावी लागतात. नव्या फोनात 185 जवळपास नव्हता, 277 अगदी अशक्त, आणि वरच्या सुरांची मात्र जत्रा. एन-800 मध्ये 277 बऱ्यापैकी, 370 चांगला. म्हणजे आत्याचं बरोबर. खर्ज दोन्हीत नव्हता, तरी एकीकडे तो होता आणि दुसरीकडे नव्हता. हे वाक्य मी माझ्या बावीस वर्षांच्या नोकरीत कुणाला म्हणाले असते तर त्यांनी मला सुट्टीवर पाठवलं असतं.

मिरजेच्या त्या घरातली एक संध्याकाळ आठवते. मी आठ-नऊ वर्षांची असेन. आत्या मला तंबोऱ्याच्या मागे बसवून, कान खुंट्यांच्या बाजूला नव्हे तर भोपळ्याजवळ न्यायला लावून म्हणाली होती, “गंधार ऐक.” मी म्हटलं, गंधाराची तार कुठली? ती म्हणाली, “नाहीच. ऐक.” बराच वेळ काही नाही. तेलाचा, जुन्या लाकडाचा आणि गवसणीच्या धुवट कापडाचा वास आठवतो. मग एकदम, कुणी अंधारात काडी ओढावी तसा तो दिसला. खर्जाच्या तारेतून वर, खूप वर, गोड, बारीक, न छेडलेला गंधार. एकदा दिसल्यावर मग जाईना. तिनं घोडीवरचा दोरा जरासा सरकवला, तो विझला. परत सरकवला, परत लागला. मला ती जादू वाटली होती. भौतिकशास्त्रज्ञ सी. व्ही. रामननी 1921 साली कलकत्त्यात बसून हेच तपासलं होतं : तार ज्या ठिकाणी छेडली तिथे ज्या उपस्वराला जागाच नाही, तो नियमानं गप्प बसायला हवा, पण तंबोऱ्यात तो खुशाल बोलतो, कारण ती रुंद, हलका बाक असलेली घोडी आणि तो दोरा. आपल्या सतारमेकरांना हे कागदावर न मांडता ठाऊक होतं. ते ‘जवारी काढली’ म्हणतात.

गंधार म्हणजे खर्जाची पाचपट, 462.5. तो या सगळ्या फोनांत छान येतो. आता गंमत बघा. तंबोऱ्यातला स्वयंभू गंधार कुणी छेडलेला नसतो, पण हवेत खराखुरा असतो, यंत्रानं मोजता येतो. फोनातला खर्ज रीतसर छेडलेला, रेकॉर्ड केलेला असतो, पण हवेत नसतो. एकाला तार नाही, दुसऱ्याला हवा नाही. आणि आत्या डोळे मिटून दोघांनाही सारख्याच मानानं पाटावर बसवते.

त्या आठवड्यात मला जिकडेतिकडे फोनचे स्पीकरच ऐकू यायला लागले. एरवी मी त्यांच्यावर नुसती वैतागते. एसटीत शेजारचा माणूस हेडफोनशिवाय रील्स बघत असतो, तेव्हा आपल्याला छळतं ते हेच : सगळा वरचा आवाज, पोट नसलेलं हसू, पोट नसलेला ढोल. ढोलाचा ‘ढ’ गेलेला असतो आणि नुसती टिपरीची ‘टक्’ उरते. पण आमचा भाजीवाला फोन स्टीलच्या तांब्यात उभा ठेवून अभंग ऐकतो. तांब्यानं आवाजाला एक गोल गळा येतो, थोडा विहिरीतून आल्यासारखा. मी त्याला विचारलं, असं का? तो म्हणाला, “ताई, नुसता ठेवला की तो उघडा वाटतो.” माझ्या आलेखानं दोन तास घेऊन जे सांगितलं होतं, ते त्यानं मेथीची जुडी बांधता बांधता सांगितलं. काही फोन आता मेंदूची ती युक्ती मुद्दाम वापरतात. खालचा सूर वाजवता येत नाही म्हटल्यावर त्याची वरची भावंडं वाढवून देतात, म्हणजे आपणच थोरल्याचं ताट मांडावं. सिनेमातल्या बॉम्बला ते चालतं. तंबोऱ्याला मात्र ते खपत नाही. तिथे भावंडांचं आपसातलं प्रमाण हाच सगळा खेळ आहे, कोण किती वर, कोण आधी विझतं, कोण उशिरा उमलतं.

मनात दोन्ही होतं. एकीकडे वाटत होतं की सरळ एक चांगला ब्लूटूथ स्पीकर पाठवून द्यावा आणि प्रश्न मिटवावा. दुसरीकडे तिच्या कानांनी माझ्या पैशांना नापास केलं, हे जरा बोचत होतं. शेवटी दिवाळी झाल्यावर कोयना पकडली आणि मिरजेला गेले. पिशवीत स्पीकर होता.

मिरज स्टेशनला उतरलं की मला अजून उगाच सतारमेकर गल्लीतून जावंसं वाटतं, रस्ता वाकडा पडला तरी. 2024 मध्ये इथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. दुकानाबाहेर पंढरपूरकडून आलेले वाळके भोपळे एकावर एक रचलेले होते, अजून बिनगळ्याचे, बिनतारांचे. एकावर टिचकी मारली. ‘ढुम्’. काय पोट होतं त्याला.

आत्या पहाटे उठली तेव्हा मीही उठले. तिनं जुना टॅब चार्जरला लावून ठेवला होता, नव्या फोनवर तिनं गाण्यापुरता तरी बहिष्कारच टाकला होता. दिवाणावर तिचा तंबोरा आडवा ठेवलेला, तारा उतरवलेल्या, गवसणी कमरेपर्यंत खाली ओढलेली. आत्यानं टॅबवर बोट टेकवलं, सूर सुरू झाला, आणि तिनं तो टॅब उचलून अगदी सहज, देवापुढे निरांजन ठेवावं तसा, तंबोऱ्याच्या तबलीवर, भोपळ्यावरच्या लाकडी फळीवर, ठेवला. पाठ खाली, पडदा वर.

“इथं का ठेवतेस?”

“कुठं ठेवू मग? टेबलावरनं पडतो की तो.”

मी वाकून तबलीला तळहात लावला. लाकूड थरथरत होतं. बारीक, मांजराच्या पाठीसारखं. टॅबच्या छोट्याशा स्पीकरचा धक्का त्याच्या अंगातून तबलीत उतरत होता आणि ती हातभर रुंद पातळ फळी आणि खालचं भोपळ्याचं पोट मिळून तो हवेला सांगत होते. दोन वर्षं मुका समजून आम्ही ज्याच्याकडे बघत होतो तो तंबोरा रोज पहाटे वाजत होता. आणि नव्या फोनाला मीच रबरी कव्हर चढवलं होतं, मीच स्टँडवर उभं केलं होतं, चारी बाजूंनी तोडून. आलेखाचं अ‍ॅप लावून पाहिलं. 185 ची रेघ चांगली टच्च उभी, 277 तिच्याहून उंच. 92.5 वर तरीही सपाट.

आत्याला मी सगळं समजावून सांगितलं, हर्ट्झसकट. तिनं मधेच हात वर केला, कारण तिचा षड्ज लागायचा होता. तो लागला, आवाज आता थोडा कापतो, पण लागला तो बरोब्बर मधोमध. पंधरा-वीस मिनिटं मी गप्प बसले. पिशवीतला स्पीकर पिशवीतच राहिला.

तिचं झाल्यावर मी नव्या फोनाचं निळं कव्हर नखांनी ओरबाडून काढलं, अ‍ॅप लावलं आणि फोन उघडा तबलीवर ठेवला. आत्यानं मान तिरकी केली. पंचम, जोड, जोड, खर्ज. परत पंचम, जोड, जोड, खर्ज. “हां,” ती म्हणाली, “आता आला घरी.” तेवढ्यात फोनवर मामेबहिणीचा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आला आणि तो टिंग, एरवीचा तो चिल्लर टिंग, सबंध भोपळ्यातून देवळातल्या घंटेसारखा घुमून निघाला. आम्ही दोघी दचकलो.

आत्या कान देऊन बसली होती. “पंचमाच्या जवळपास आहे,” ती म्हणाली. “जरा चढलाय.”